कुर्ल्यांचं लायसन्स 38 टक्के महागलं आणि तरी खात्यात कपात? (वॉशिंग्टन राज्य)

चिंबोरीवाला | 21 सप्टेंबर 2025, रात्री 9:40

मंडळी, बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज धागा काढतोय.

मी मूळचा मालवणचा, गेली चौदा वर्षं सिॲटलच्या पूर्वेला समामिशला राहतो. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार म्हणजे व्हिडबी बेटाच्या बाजूला पिंजरे टाकणं आणि डंजनेस (इथल्या किनाऱ्यावरच्या मोठ्या) कुर्ल्या धरणं. गावी वडील खाडीत जायचे तेव्हा लायसन्स हा शब्दही कोणी काढत नव्हतं. इथे लायसन्स, वर प्यूजेट साउंडच्या (इथल्या समुद्री खाडीच्या) कुर्ल्यांचं वेगळं एंडोर्समेंट (जोडपरवाना), वर पकडलेली प्रत्येक कुर्ली ताबडतोब शाईने कार्डावर मांडायची. दिवसाला पाच, फक्त नर, पाठ सव्वासहा इंचांच्या वर आणि कवच कडक. मादी आली की हात जोडून परत पाण्यात. सुरुवातीला बायको हसायची, "कुर्लीचं आधार कार्ड बघतोस काय रे?"

तर मुद्दा असा. या उन्हाळ्यात राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ (मासे आणि वन्यजीव) खात्याची लायसन्स फी साधारण 38 टक्क्यांनी वाढली. 1 ऑक्टोबरपासून डिस्कव्हर पास (राज्याच्या उद्यानांत गाडी न्यायचा वर्षाचा पास) 30 डॉलरचा 45 होतोय. आणि पेपर उघडला की त्याच खात्यात कपात, रिकाम्या जागा भरणार नाहीत, अमुक काम थांबणार! माझा बारा वर्षांचा मुलगा विचारतो, बाबा, आपण जास्त पैसे दिले तर त्यांच्याकडे कमी कसे झाले? मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

---

धोंडोपंत | 21 सप्टेंबर, रात्री 10:05

सोपं आहे. सरकार इथलं असो की तिथलं, वाढवलेली फी आणि गळका हंडा यांची रास एकच.

बाकी पाच कुर्ल्यांत किती जणांचं सार होतं ते आधी सांगा. ह.घ्या. (हलके घ्या.)

---

ताईमाई | 21 सप्टेंबर, रात्री 11:30

मी ऑलिंपियात, म्हणजे राजधानीत, राज्याच्या दुसऱ्या एका खात्यात हिशेबाचं काम करते. वन्यजीव खात्याशी माझा संबंध नाही, पण अंदाजपत्रक सगळ्यांना एकाच छापाचं येतं, म्हणून थोडं सांगू शकते.

आपल्या आया पगाराच्या दिवशी वेगवेगळ्या डब्यांत पैसे ठेवायच्या ते आठवतंय? दुधाचा डबा, वाण्याचा डबा, गणपतीचा डबा. दूधवाल्याचे पैसे कमी पडले तरी गणपतीच्या डब्याला हात लावायचा नाही. राज्याचं तसंच आहे, फक्त इथे आईऐवजी कायदा बसलाय.

पहिला डबा लायसन्स फीचा. दुसरा केंद्राकडून येणाऱ्या पैशाचा. तिसरा राज्याच्या सामान्य निधीचा, म्हणजे तुमच्या-आमच्या विक्रीकराचा वगैरे (आपल्या राज्यात पगारावर आयकर नाही, त्यामुळे या डब्याची भिस्त खरेदीवर आणि धंद्यांवरच्या करावर). आणखी लहानसहान डब्या आहेत, पण मुख्य हे तीन.

यंदा तिसऱ्या डब्यात अब्जावधी डॉलरचा खड्डा पडला. गव्हर्नर फर्ग्युसन जानेवारीत आले आणि आल्या आल्या बहुतेक खात्यांना 6 टक्के कपात सुचवली. म्हणजे तुम्ही भरलेली वाढीव फी पहिल्या डब्यात गेली आणि कात्री लागली तिसऱ्याला. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्यातलं उचलून तिसऱ्याची कामं करा. तिथेच अडतं. 1937 चा पिटमन-रॉबर्टसन कायदा सांगतो की शिकारीच्या लायसन्सचे पैसे राज्याने वन्यजीव खात्याबाहेर वळवले तर केंद्राचा पैसा बंद (मासेमारीच्या लायसन्सलाही पुढे तसाच कायदा आला). त्यामुळे ते पैसे रस्त्याला, शाळेला जात नाहीत, ही चांगली बाजू. पण खात्याच्या आतसुद्धा ज्यांनी लायसन्स घेतलं त्यांच्या कामालाच ते जावेत असा दबाव असतो. बेडकासाठी वापरले तर शिकारी विचारणार, आमच्या एल्कचं (मोठ्या हरणाचं) काय?

---

चिंबोरीवाला | 22 सप्टेंबर, सकाळी 7:10

ताईमाई, धन्स! डब्याचं उदाहरण पोराला लगेच कळलं. त्याने पुढचा प्रश्न काढला: केंद्राचा पैसा कुठून येतो?

---

ताईमाई | 22 सप्टेंबर, दुपारी 12:20

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रोटक चालवून घ्या.

बंदुकांवरच्या करातून. रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के, पिस्तुलांवर 10. हा कर कारखानदार भरतो, त्यामुळे दुकानातल्या पावतीवर दिसत नाही. 1950 मध्ये डिंगेल-जॉन्सन कायदा आला आणि मासेमारीचे गळ, रीळ, काठ्या यांच्यावरचा 10 टक्के करही या कामाला आला. 1984 पासून मोटरबोटींच्या इंधनावरचा करही त्यात येतो. सगळं वॉशिंग्टन डीसीत जमा होतं आणि राज्यांना वाटलं जातं. शिकारीच्या बाजूचं सूत्र साधारण असं: अर्धं जमिनीच्या क्षेत्रफळावर, अर्धं लायसन्सधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर.

आता खरी मेख. केंद्र 75 टक्के देतं, 25 राज्याने घालायचे. राज्याने आपल्या वाट्यातला एक डॉलर कापला आणि दुसरीकडून उभा केला नाही, तर केंद्राचे तीन हातचे जातात. कपातीच्या बातमीत हे तीन कधीच नसतात.

---

अहिंसावादी_अण्णा | 22 सप्टेंबर, दुपारी 1:45

म्हणजे या देशात बंदुका जास्त विकल्या गेल्या की पक्ष्यांना बरे दिवस? कोविडमध्ये लोकांनी बंदुका गोळा केल्या त्याचं पुण्य हरणांना? वा!

आणि हरीण मारण्यासाठी हरीण जपायचं, याला संवर्धन म्हणणं मला तरी जमत नाही. आमच्याकडे मुंगीला साखर घालतात.

---

विस्कॉन्सिनचा_जावई | 22 सप्टेंबर, दुपारी 3:30

अण्णा, पहिल्या परिच्छेदाचं उत्तर हो. 2023 मध्ये केंद्राने या दोन्ही कायद्यांखाली राज्यांना 1.6 अब्ज डॉलर वाटले, पुढच्या वर्षी 1.3 अब्जांवर आले. एका वर्षात एवढा झोका. अशा उत्पन्नावर जीवशास्त्रज्ञ कायमचा नोकरीवर कसा ठेवणार?

दुसऱ्याबद्दल एवढंच. माझे सासरे शिकारी. मीही आधी नाक मुरडायचो. पण त्यांच्यासोबत पहाटे चारला उणे दहात झाडावर बसून बघितलंय, त्यातले बरेच दिवस रिकाम्या हाताने परत आलोय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे हरणं, टर्की, वुड डक यांची अवस्था वाईट होती. ती सावरली त्यात या लोकांच्या पैशाचा मोठा वाटा आहे. ते नाकारून चालणार नाही.

पण सासऱ्यांच्या कँपमध्ये एकेकाळी अकरा जण असायचे, आता चार. सगळे साठीपुढचे. 1982 च्या आसपास देशात 1 कोटी 70 लाखांच्या घरात शिकारी होते, 2016 च्या पाहणीत 1 कोटी 15 लाख. लोकसंख्या कुठच्या कुठे गेली तरीही! त्याच 2016 च्या पाहणीत पक्षी-प्राणी नुसते बघणारे, फोटो काढणारे, दाणे टाकणारे 8 कोटी 60 लाख निघाले. हे या व्यवस्थेत देतात काय? जवळपास शून्य.

दुर्बिणी, तंबू, पाठपिशव्या यांच्यावर शिकाऱ्यांसारखाच छोटा कर लावा असा प्रस्ताव 1990 च्या दशकात आला होता. सामान बनवणाऱ्या उद्योगांनीच तो हाणून पाडला. माझ्याकडे भारी दुर्बीण आहे, सासऱ्यांकडे जुनी रायफल. संवर्धनाला कर कुणी भरला ते सांगायला नको. जेवणाच्या टेबलावर ते मला दर थँक्सगिव्हिंगला सांगतातच.

---

पक्षीवेडी | 22 सप्टेंबर, सायंकाळी 6:15

मोदक (अनुमोदन). आणि मी त्या 8 कोटींतली एक. लाज वाटली वाचून.

सिॲटलच्या प्राणिसंग्रहालयात जाणाऱ्यांनी वेस्टर्न पाँड टर्टल बघितलं असेल. लहानसं तपकिरी कासव. 1990 च्या सुमारास अख्ख्या वॉशिंग्टन राज्यात ही साधारण 150 उरली होती. मग खातं आणि वुडलंड पार्क प्राणिसंग्रहालयाने मिळून पिल्लं गोळा करायची, हिवाळाभर उबेत खाऊ घालून मोठी करायची आणि बुलफ्रॉगच्या (मोठ्या बेडकाच्या) तोंडात मावणार नाहीत एवढी झाली की तळ्यात सोडायची, असं सुरू केलं. तीस वर्षांहून जास्त चाललंय आणि संख्या कितीतरी वाढलीय.

या कासवाची कुणी शिकार करत नाही. म्हणजे याचं लायसन्स नाही. म्हणजे ताईमाईंच्या पहिल्या डब्यात याच्या नावाची चिठ्ठीच नाही. असले शेकडो जीव आहेत. त्यांच्यासाठी 2023 मध्ये विधिमंडळाने जैवविविधतेच्या नावाने सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर दिले तेव्हा आम्ही काही जणांनी अक्षरशः पेढे वाटले. ते पैसे कुठल्या डब्यातून? तिसऱ्या. मग यंदा कात्री कुणाला लागणार हे कळायला ज्योतिषी नको.

चिंबोरीवाला, तुमच्या मुलाला सांगा: कुर्लीला गिऱ्हाईक आहे, कासवाला नाही.

---

सेंटलुईसकर | 22 सप्टेंबर, रात्री 8:50

मिझुरीचं सांगतो, कारण इथे कॉलर ताठ करायला फार जागा मिळत नाहीत.

1976 मध्ये इथल्या लोकांनी मतदान करून विक्रीकरात एक अष्टमांश टक्का संवर्धनासाठी बाजूला काढला. आठ डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. भाजी घे, बूट घे, टीव्ही घे, सेंट जातोच. हे राज्यघटनेतच घातलंय, त्यामुळे आमदारांना दर वर्षी त्यात हात घालता येत नाही. खात्याच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त वाटा यातून येतो. आमच्याकडची निसर्ग केंद्रं फुकट, पोरांचे वर्ग फुकट, बहुतेक ठिकाणी पार्किंगचा पासही लागत नाही. डिस्कव्हर पास 45 डॉलर ऐकून बायकोने डोळे मोठे केले.

पक्षीवेडी, तुमच्या कासवासारखा आमचा हेलबेंडर. दीड-दोन फुटांचा सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर), ओझार्कच्या डोंगराळ भागातल्या नद्यांत दगडाखाली राहतो, दिसायला इतका कुरूप की आईलाच आवडावा. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयाने इथल्या खात्याबरोबर काम करून 2011 मध्ये ओझार्क हेलबेंडरची पैदास बंदिस्त जागेत जगात पहिल्यांदा करून दाखवली. त्याला कोण गळ टाकतं? कुणी नाही. तरी पैसा आला, कारण तो बूट विकत घेणाऱ्याकडून आला.

अर्कान्सासने 1996 मध्ये हेच केलं, मिनेसोटाने 2008 मध्ये याहून मोठं.

---

ताईमाई | 22 सप्टेंबर, रात्री 9:30

विक्रीकराचं एक दुखणं सांगते, मिझुरीकरांनी रागावू नये. मंदी आली की खरेदी थांबते आणि तो डबाही हलका होतो. शिवाय विक्रीकर गरिबाला जास्त टोचतो. आमच्याकडे तर आधीच मोठा भार त्याच्यावर आहे, त्यात आणखी अष्टमांश म्हटलं तरी लोक अंगावर येतील.

तरी दर दोन वर्षांनी अंदाजपत्रकासाठी विधिमंडळाच्या दारात उभं राहण्यापेक्षा बरं, हे मान्य.

---

डेन्व्हरवाली | 22 सप्टेंबर, रात्री 10:10

कोलोरॅडोत 2023 पासून गाडीच्या नोंदणीतच 29 डॉलरचा पास जोडून येतो. नको असेल तर आपण होऊन नाही म्हणायचं. बरेच जण आळसाने भरून टाकतात (मी त्यातलीच). आळसावर चालणारं संवर्धन!

---

अहिंसावादी_अण्णा | 22 सप्टेंबर, रात्री 10:25

29 डॉलर देईन, आनंदाने देईन. पण त्या पैशातून हरणाला गोळी घालायची सोय होणार असेल तर

---

धोंडोपंत | 22 सप्टेंबर, रात्री 10:31

अण्णा, काल तुमच्याच दुसऱ्या धाग्यावर चिकन सुक्क्याचा फोटो पाहिला. कोंबडीने राजीनामा दिला होता का?

---

संपादक | 22 सप्टेंबर, रात्री 11:00

शाकाहार-मांसाहारासाठी स्वतंत्र धागे आहेत, आणि ते सगळे बंद केलेले आहेत. याचं कारण सर्वांना माहीत आहे. विषयावर या. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा | 23 सप्टेंबर, सकाळी 6:30

चंद्रपुरातून वाचून राहिलो. एक प्रश्न पडला. आमच्या इकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद, त्यामुळं लायसन्सचा डबाच नाही. ताडोबात गेटचे, जिप्सीचे पैसे व्याघ्र प्रकल्पाच्या फाउंडेशनकडं येतात आणि तिथंच वापरता येतात, त्यातून गावांची कामंही होतात. हे बरंच म्हणायचं. पण जिथं वाघ दिसत नाही त्या जंगलाला गेट कोण लावणार, अन् लावलं तरी येणार कोण?

सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. आता तिथं माळढोक शोधावा लागते. गवताळ माळ बघाले कोणी तिकीट काढत नाही ना भाऊ. पक्षीवेडीताईंचं कासव अन् आमचा माळढोक एकाच रांगेत उभे हायेत.

---

पक्षीवेडी | 23 सप्टेंबर, सकाळी 8:00

ठेचा, अगदी. नान्नजला मी कॉलेजात असताना गेले होते, तेव्हा लांबून एक दिसला होता. त्या एका ठिपक्यापायी दुर्बिणीचा नाद लागला.

---

बोटवाले_काका | 23 सप्टेंबर, दुपारी 2:00

तुम्ही सगळे जनावरांचं बोलताय, मी शिंपल्यांचं सांगतो. खायच्या नव्हे.

क्वागा मसल नावाचा नखाएवढा शिंपला बोटींना चिकटून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो. 2023 च्या सप्टेंबरात आयडाहोत ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत त्याची पिल्लं सापडली. तिथल्या लोकांनी नदीच्या त्या पट्ट्यात तांब्याचं औषध ओतलं. मासे मेले, पण दुसरा इलाज नव्हता. स्नेक नदी कोलंबियाला मिळते. कोलंबियावर आमची धरणं, कालवे, धरण ओलांडायला केलेल्या माशांच्या शिड्या, हॅचऱ्या (मासे उबवून सोडायची केंद्रं). तिथे हा शिंपला बसला तर पाइप तुंबलेच.

म्हणून खातं सीमेवर बोटी तपासतं. गेल्या खेपेला माझी बोट तपासायला कुत्रा आला होता, शिंपल्याचा वास ओळखायला शिकवलेला. पाच मिनिटांत मला मोकळं केलं. आता सांगा, जे संकट आलंच नाही त्याचा खर्च अंदाजपत्रकात कसा टिकवणार? आमदार विचारणार, गेल्या वर्षी आपल्या नद्यांत किती शिंपले सापडले? एकही नाही. मग एवढी माणसं कशाला?

हरणांच्या त्या असाध्य रोगाचंही तेच, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 2024 च्या उन्हाळ्यात तो स्पोकेनजवळ सापडला, आपल्या राज्यात पहिल्यांदा. नमुने घेणारी माणसं शिकारीच्या मोसमातच लागतात, आणि हंगामी माणसांना काढायला सगळ्यात सोपं.

---

विस्कॉन्सिनचा_जावई | 23 सप्टेंबर, दुपारी 4:40

काकांना दुजोरा. आमच्याकडे तो रोग 2002 मध्ये सापडला. आता सासऱ्यांकडे हरीण मारलं की आधी डोकं तपासणीला, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरात. लवकर खर्च करण्याची संधी एकदाच असते. वॉशिंग्टनवाल्यांकडे ती आत्ता आहे.

एक राहिलं. कायमचा उपाय म्हणून केंद्रात रिकव्हरिंग अमेरिकाज वाइल्डलाइफ ॲक्ट आणला होता. दर वर्षी राज्यांना 1.3 अब्ज आणि आदिवासी राष्ट्रांना सुमारे 10 कोटी, तेही मुख्यतः या बिनलायसन्सच्या जिवांसाठी. जून 2022 मध्ये खालच्या सभागृहात 231 विरुद्ध 190 ने पास झाला. सिनेटमध्ये पैसा आणायचा कुठून यावर अडकला तो अडकलाच. शिकारी संघटना आणि पक्षीप्रेमी त्या एका विधेयकासाठी एकत्र उभे होते. सासरे आणि मी एकाच पत्रावर सही केली, घरात अजून त्याची चर्चा होते.

---

ताईमाई | 23 सप्टेंबर, सायंकाळी 7:30

चिंबोरीवाला, तुमच्या धाग्याला उत्तर देताना एक गोष्ट आठवली. तुमच्या घराजवळच इसाक्वाची साल्मन हॅचरी आहे ना? 1936 ची, महामंदीत सरकारी रोजगार योजनेतून बांधलेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला असाच खड्डा पडला होता आणि राज्य ती बंद करायला निघालं होतं. गावातले लोक उभे राहिले, त्यांनी संस्था काढली, स्वयंसेवक नेमले. आज शाळेची पोरं काचेतून मासे बघतात ती त्यांच्यामुळे.

पण मी हिशेबवाली, म्हणून कडू बोलते. स्वयंसेवक मासा दाखवू शकतो. पंप बिघडला तर रात्री दोन वाजता धावत जाणारा माणूस पगारीच लागतो.

---

चिंबोरीवाला | 24 सप्टेंबर, रात्री 10:15

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

इसाक्वाच्या हॅचरीत दर ऑक्टोबरला जातो आणि ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. पुढच्या आठवड्याच्या शेवटी तिथे साल्मन डेज ही जत्रा आहे. चिनूक आणि कोहो जातीचे साल्मन शिडी चढताना दिसतात. मुलगा आता तिथल्या काकांना 'पंप बिघडला तर कोण येतं' हे विचारणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

लायसन्सबद्दल माझी तक्रार निम्मी मिटली. निम्मी आहे. फी वाढली की विधिमंडळ तेवढाच सामान्य निधी काढून घेणार नाही कशावरून? ताईमाई, यावर तुम्ही गप्प आहात असं माझ्या लक्षात आलंय.

---

ताईमाई | 24 सप्टेंबर, रात्री 10:40

गप्प आहे कारण ती शंका रास्त आहे. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात दोन्ही रकाने शेजारी असतात. दर दोन वर्षांनी दोन्ही वाचायचे.

---

बोटवाले_काका | 24 सप्टेंबर, रात्री 11:05

अवांतर: ज्यांनी उन्हाळ्यात कुर्ल्या धरल्या त्यांनी कार्डाची माहिती 1 ऑक्टोबरच्या आत भरा. एकही मिळाली नसेल तरी भरायची. नाहीतर पुढच्या वर्षी 10 डॉलर दंड. आणि दंडाचं सोडा, त्या आकड्यांवरूनच ठरतं की आपल्या वाट्याच्या किती संपल्या. 1974 च्या बोल्ट निकालाने माशांत आणि 1994 च्या राफीडी निकालाने कुर्ल्या-शिंपल्यांतही अर्धा वाटा इथल्या ट्राइब्जचा (आदिवासी राष्ट्रांचा) ठरला, तो मोजून द्यायचा असतो. लोक कार्ड भरत नाहीत, मग खात्याला फोन करून करून अंदाज बांधावा लागतो. त्यालाही माणूस लागतो.

---

चिंबोरीवाला | 24 सप्टेंबर, रात्री 11:20

काका, आत्ताच भरलं. एकूण 23. बायको म्हणते 26 होत्या. कार्ड काढून पुन्हा मोजले, 23च आहेत.

---

धोंडोपंत | 24 सप्टेंबर, रात्री 11:24

तीन तुम्ही पिंजऱ्याजवळच भाजून खाल्ल्यात का? आणि साराचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

---

चिंबोरीवाला | 24 सप्टेंबर, रात्री 11:31

पंत, पाचात चार माणसं आरामात. डंजनेस आपल्या खाडीतल्या कुर्लीपेक्षा गोडसर, त्यामुळे वाटणात तिरफळ थोडं जास्त. कोकम इथे बेलव्ह्यूच्या भारतीय दुकानात मिळतं, पण मी गावाहून आणलेलंच वापरतो.